एकही शंका नाही

डोंगराळ मुलखात पूर्वी एक वृद्ध गुरुजी राहत. गुरुजी म्हटलं की आपल्याला पोथी आणि पाट आठवतो. यांच्या हातात पोथी कधी दिसली नाही, नखांत मात्र बारा महिने चुना असे. नदीवर दगडी बंधारे बांधणं ही त्यांची विद्या, आणि ती शिकायला लांबलांबून माणसं येत. त्यांतला एक शिष्य बारा वर्षं त्यांच्यापाशी राहिला होता. हुशार, कष्टाळू, आणि अक्षर असं सुरेख की नुसतं बघत राहावं. त्या अक्षराचा त्याला थोडा अभिमानही होता. असायचाच. आपल्याला काय कमी असतो?

तीन दिवसांच्या वाटेवरच्या एका खोऱ्यातून बंधाऱ्यासाठी बोलावणं आलं. गुरुजींचे गुडघे थकलेले, शिवाय हातात दुसरं काम अर्ध्यावर. त्यांनी शिष्याला पाठवलं. त्यानं नदीचा प्रवाह वरच्या अंगाला एक कच्चा मातीचा बांध घालून वळवला, पाया खणून भरून घेतला, आणि दोन महिन्यांनी परत आला. पुढचं दगडकाम आणि चुन्याचं काम तिथल्याच माणसांनी करायचं ठरलं. ते कसं करायचं, हे त्यानं परतल्यावर लिहून पाठवलं.

पत्रात तेवीस कलमं होती. भट्टीतून काढलेली चुनकळी हौदात किती पाण्यात विरवायची, किती दिवस भिजू द्यायची, मग बैलांच्या घाणीत वाळू आणि विटांच्या भुकटीबरोबर किती फेरे दळायची, कोणत्या थराला किती जाडीचा चुना, सगळं. आधीच सांगून ठेवतो, पत्रात एकही चूक नव्हती. गुरुजींनीही ते वाचून मान डोलावली होती. "सुंदर लिहिलंयस," असं म्हणाले होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ते स्वतःही विसरले नाहीत.

महिन्याभरानं तिकडच्या मुकादमाचं उत्तर आलं. शिष्यानं ते गुरुजींसमोर उभं राहून मोठ्यानं वाचलं. पत्र पोचलं. सर्व काम आज्ञेप्रमाणे चालू आहे. पाणी जायच्या मोरीच्या वर पाच थर चढले. येत्या पौर्णिमेला कच्चा बांध फोडून नव्या बंधाऱ्यात पाणी घेण्याचा मुहूर्त काढला आहे. आणि शेवटची ओळ, "एकही शंका नाही."

शिष्याचा चेहरा फुलला. गुरुजी मात्र चुन्याचा गोळा मळत होते ते थांबले.

"एकही नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, गुरुजी. सगळं नीट समजलं त्यांना."

"तेवीस कलमं, नवी माणसं, तिथला दगड वेगळा, आणि एकही शंका नाही." गुरुजींनी हात धुतले. "तिथे चुना कोण मळतं? नाव काय त्याचं?"

शिष्याला ते माहीत नव्हतं. दोन महिने तो तिथे होता. पंचांबरोबर जेवला होता, मुकादमाशी रोज बोलला होता. चुना त्यानंतर सुरू व्हायचा होता, तेव्हा मळणारं कोण असणार हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

पौर्णिमेला नऊ दिवस उरले होते. गुरुजींनी त्याच दुपारी काठी उचलली. निघताना त्यांनी स्वतःच्या घाणीतला ताज्या चुन्याचा नारळाएवढा गोळा घेतला, ओल्या तरटात गुंडाळला आणि शिष्याच्या हातात दिला. वाटेत दर ओढ्यावर तरट भिजवायचं, गोळा सुकू द्यायचा नाही, एवढंच सांगितलं. शिष्य मनात चक्रावला. जिथे हौद भरून चुना पडलाय तिथे हा एवढासा गोळा कशाला? पण विचारायची सोय नव्हती, कारण गुरुजी त्या गुडघ्यांनी त्याच्या पुढे चालत होते.

पहिला दिवस त्यानं मनातल्या मनात वाद घालण्यात घालवला. म्हाताऱ्यांना उगाच काळजी करायची खोड असते, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. दुसऱ्या दिवशी चालता चालता त्यानं आपली कलमं एकेक करून आठवायला घेतली. पाचव्या कलमाशी त्याचे पाय अडखळले. "चुनकळी सात दिवस भिजू द्यावी." सात दिवस कुठले? आपल्याकडचे. आपल्या पांढऱ्या दगडाचे, आपल्या भट्टीच्या आचेचे. तिथला चुनखडीचा दगड निळसर होता, कठीण होता, आणि भट्टीला ते खैराची, कडक आचेची लाकडं लावत. तसा करपलेला दगड सात दिवसांत कुठला विरतो? पंधरा लागतील, वीस लागतील. हे सगळं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. लिहिताना ते कुठे गेलं होतं?

अर्धा विरलेला चुना भिंतीत गेला की आत पाणी पिऊन फुगतो. बाहेरून काही दिसत नाही, आणि आतून सांधे सुटतात. बंधाऱ्याच्या खाली, नदीच्या काठाला लागून, साठ घरांची वस्ती होती. त्या वस्तीत त्यानं ताक प्यालं होतं.  गुरुजींच्या गुडघ्यांमुळे चौथा दिवस लागला. एकट्यानं पुढे पळत जावंसं त्याला वाटत होतं, आणि तिथे पोचूच नये असंही वाटत होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पोचले तर वस्तीत आनंद. मुहूर्तासाठी घरं सारवून झालेली, दारांना तोरणं. मुकादम धावत आला, पाया पडला, आणि मोठ्या कौतुकानं दोघांना देवळात घेऊन गेला. तिथे कोनाड्यात, देवाच्या शेजारी, शिष्याचं पत्र ठेवलेलं होतं. त्याला कुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. रोज सकाळी कामाआधी सगळी माणसं इथे जमतात, मुकादमानं सांगितलं. वाचता येणारे भटजी तेवीसच्या तेवीस कलमं वाचतात, माणसं हात जोडून ऐकतात, आणि मगच कामाला हात लागतो. एक दिवस खाडा नाही.

 चुना किती दिवस भिजवला, हे विचारायला शिष्यानं तोंड उघडलं. गुरुजींनी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि त्याला बाजूला नेलं.

"उद्या सूर्य मावळेपर्यंत तू एक अक्षर बोलायचं नाहीस," ते म्हणाले. "लिहायचंही नाही."

पौर्णिमेला पाच दिवस राहिलेले. साठ घरं खाली. एक प्रश्न विचारला की सगळा उलगडा होणार, आणि हे म्हणतात तोंड उघडू नकोस! शिष्याला रडू यायचं बाकी राहिलं. पण बारा वर्षांत त्यानं एक गोष्ट पाहिली होती, की गुरुजींचा शब्द मोडून त्याचं कधी भलं झालं नव्हतं. तो गप्प बसला.

सकाळी पत्राचं वाचन झालं. स्वतःचीच वाक्यं त्याला देवळात उभं राहून ऐकावी लागली. सातव्या कलमाशी एक म्हातारा डोळे मिटून डोलत होता. माणसं ऐकत होती ती श्रद्धेनं, यात शंका नाही. पण आरतीचा अर्थ आरती म्हणताना आपण तरी कुठे लावतो?

मग सगळे कामावर गेले. घाणीपाशी एक पन्नाशीची बाई बसली होती. घाणीतून दळून आलेला चुना मळून, थापटून, पाट्यांत भरून गवंड्यांकडे पाठवायचा, हे तिचं काम. तिचं नाव भिवरा. भिंतीत गेलेला चुन्याचा प्रत्येक कण आधी तिच्या हातांखालून गेला होता, आणि दोन महिने इथे राहून गेलेल्या शिष्यानं तिला आज पहिल्यांदा पाहिलं.

गुरुजी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. शिष्यही बसला आणि मुकाट्यानं चुना मळू लागला. थोड्या वेळानं गुरुजींनी खूण केली तसं त्यानं ओलं तरट सोडलं आणि घरून आणलेला गोळा तिच्या हातात दिला.

भिवरानं तो दाबला. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये थोडा घेऊन चोळला. मग उठून गेली, हात स्वच्छ धुऊन आली, आणि पुन्हा चोळून पाहिला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिनं आपल्या पाटीतला चिमूटभर चुना उचलला, शिष्याच्या तळहातावर ठेवला, आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

शिष्यानं तो चोळला. अंगठ्याखाली कच लागली. बारीकशी, रव्याएवढी. पण लागली.

त्याच्या ओठांवर शब्द आले होते. गुरुजींनी नुसतं पाहिलं. त्यानं ओठ मिटले.  बैल घाणीभोवती फिरत होते, त्यांच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजत होती. शिष्याला तो वेळ संपता संपेना. भिवरा एकदा त्याच्याकडे बघे, एकदा गोळ्याकडे, आणि मग मुकादम कुठे आहे ते बघे.

"आमचा असा नव्हता, दादा," ती शेवटी म्हणाली. "पहिल्यापासनंच नव्हता."

आणि मग ती थांबली नाही. सातव्या दिवशी हौदातून चुना काढला तेव्हाच तिच्या बोटांना खडे लागले होते. अजून भिजू द्या, असं तिनं मुकादमाला सांगितलं होतं. मुकादम म्हणाला, कागदावर सात लिहिलंय, लिहिलेल्यावर बोट ठेवायची आपली काय टाप? तिलाही वाटलं, एवढी शिकलेली माणसं, त्यांना ठाऊक असेल. आपल्या हाताचंच काहीतरी चुकत असेल. रोज सकाळी ती देवळात हात जोडून पाचवं कलम ऐकायची, आणि रोज घाणीपाशी येऊन तिचे हात तिला दुसरंच सांगायचे. महिनाभर तिला अन्न गोड लागलं नव्हतं. बंधाऱ्याखालचं पहिलं घर तिचंच होतं. लेक बाळंतपणाला आली होती, नात सव्वा महिन्याची होती.

"कुणाला सांगणार होते?" ती म्हणाली. "कागदाला?"

गुरुजी तिला घेऊनच बंधाऱ्यावर चढले. मोरीच्या वरचे थर त्यांनी हातोडीनं ठोकून पाहिले. तिसऱ्या थराशी दगड किंचित पुढे आला होता, दोन बोटांएवढाही नाही. सांध्यातला चुना नखानं उकरला तर आत पांढरी भुकटी. नदीचं पाणी न लागताच भिंत फुगायला लागली होती. पौर्णिमेला नदी अंगावर आली असती तर काय झालं असतं, हे कोणाला सांगावं लागलं नाही.  शिष्य वस्तीकडे पाहत होता. खाली कोणीतरी अंगणात रांगोळी घालत होतं, आणि इकडे शिष्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सूर्य मावळला. शिष्याला बोलायची मोकळीक झाली. तो म्हणाला, "गुरुजी, पत्रात चूक नव्हती."

"आपल्या दगडाला नव्हती," गुरुजी म्हणाले. "म्हणून तर मीही मान डोलावली. हा अपराध निम्मा माझा आहे, तो मी मोजून घेतलाय. पण असं बघ. चुना पिकला की नाही, हे कळतं बोटांना. ते तू डोळ्यांना सांगायला गेलास. तेही भटजींच्या डोळ्यांना, ज्यांनी जन्मात चुन्याला हात लावला नाही. तिच्या बोटांना सांगायचं होतं तर एक गोळा पुरला असता. आणि पत्राला तोंड असतं, कान नसतात. तिला शंका होती. पहिल्या सात दिवसांतच होती. तुझ्या पत्रात ती ठेवायला जागाच नव्हती."

"मग काल मला का अडवलंत? मी विचारलं असतं तर तिनं कालच सांगितलं असतं."

"तू बोलला असतास तर पुन्हा पत्रच बोललं असतं. तिनं पुन्हा हात जोडले असते. तू शिकवायला लागलास की समोरचा ऐकायला लागतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आता आपण बोलायचं नाही. तिचं तोंड उघडावं म्हणून तुझं बंद केलं, बाळ. दुसरा उपाय मला सुचला नाही."

शिष्यानं विचारलं, तर मग लिहूच नये का? गुरुजी हसले. त्या पाच दिवसांत पहिल्यांदाच हसले.

"लिही की! वाळू किती, विटांची भुकटी किती, थराची जाडी किती, हे लिहिल्याशिवाय कुणाच्या ध्यानात राहणार? तुझी पंधरा-सोळा कलमं लिहिण्याचीच होती. उरलेली कुणाच्या तरी हातात द्यायची होती. कुठलं कशात द्यायचं, हे ठरवायच्या आधी तू दौत उघडलीस, एवढंच."

दुसऱ्या दिवशी पंचांची समजूत काढणं आलं. मुहूर्त मोडायचा म्हटल्यावर ते खवळले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. कच्च्या बांधाला आधीच पाझर फुटले होते. नवे थर उतरवून पुन्हा चढवायचे, ते सुकायचे, म्हणजे किमान महिना. तेवढा महिना हा मातीचा बांध धरणार कसा? यावर शिष्य उभा राहिला. आपलं पाचवं कलम इथल्या दगडाला लागू नव्हतं, हे त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. भिवराबाईंना ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, हेही सांगितलं. देवळातलं पत्र आता खाली उतरवा, असं त्यानं हात जोडून विनवलं.

पंच कबूल झाले, मोरीवरचे पाचही थर उतरवले, आणि मग जे सुरू झालं ते महिनाभर चाललं. अख्खी वस्ती पाट्या घेऊन कच्च्या बांधावर माती टाकू लागली. लेकुरवाळ्या आणि म्हातारी माणसं टेकडीवर राहायला गेली, भिवराची लेकही तान्ह्या नातीला घेऊन वर गेली. हौदात उरलेला चुना एव्हाना पुरता भिजला होता. तो फडक्यातून गाळून घेतला. भिवरानं चोळून हो म्हटल्याशिवाय एक पाटी गवंड्याकडे जाईना. दिवस मोजायला शिष्यानं देवळाच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायला सुरुवात केली, म्हणजे न वाचणाऱ्यालाही किती उरले ते दिसावं. कच्च्या बांधावर एक ढोल ठेवला, पाझर वाढला तर वाजवायला. दोनदा तो वाजला. दुसऱ्या वेळी बांधाचा एक कोपरा खचलाच होता. माणसं जेवत्या ताटावरून उठून धावली, आणि शिष्य कमरेएवढ्या चिखलात उभा राहून माती दाबत होता. त्या महिन्यात तो वाळला. रोज पहाटे उठून आधी तो कच्चा बांध बघून येई, मग तोंड धुई.

तिसावी रेघ ओढली गेली. आणखी दोन दिवस थांबू, असं भिवरा म्हणाली, आणि सगळे थांबले. मग कच्चा बांध फोडला. नदी आली ती लालभडक, मातकट, फेसाळत. ती भिंतीला भिडली. वर चढली. पहिला थर, दुसरा, तिसरा. भिवरा मोरीच्या वर, पाण्याच्या बाजूला नव्हे, मागच्या बाजूला गेली आणि तिनं दोन्ही तळहात दगडांवर ठेवले. शिष्य तिच्याकडे बघत राहिला. भिंतीकडे बघायचा त्याला धीर नव्हता. बराच वेळ गेला. पाणी सांडव्यावरून पडू लागलं. तिनं हात काढले, पदराला पुसले, आणि टेकडीकडे तोंड करून लेकीला हाक मारली, बाळाला घेऊन घरी ये म्हणून. तेव्हा कुठे शिष्यानं भिंतीकडे पाहिलं.

पुढे दोन वर्षांनी आणखी दूरच्या एका गावाहून बंधाऱ्याचं बोलावणं आलं. या वेळी शिष्यानं पत्र लिहिलं त्यात आकड्यांची कलमं तेवढी होती, आणि खाली एकच विनंती. चुना मळणाऱ्यानं पहिला गोळा ओल्या तरटात बांधून इकडे पाठवावा, सोबत आपलं नाव कळवावं.

पंधरवड्यानं माणूस आला. त्यानं तरट सोडलं. नाव त्यानं तोंडीच सांगितलं. गोळा चांगला मळलेला होता, गुळगुळीत होता. फक्त एका जागी कोणीतरी अंगठा खोल दाबून ठेवला होता. शिष्यानं त्या खळग्यात आपला अंगठा घातला. तिथे कच होती.

त्यानं गोळा गुरुजींच्या हातात दिला. गुरुजींनी चाचपून पाहिला. एव्हाना त्यांना डोळ्यांनी कमी दिसत असे, पण खळगा त्यांना लगेच सापडला.

"शंका आली," ते म्हणाले, आणि समाधानानं भिंतीला टेकून बसले. शिष्य काठी शोधायला आत गेला.